दिमोची आई

विहरा आमच्या वर्गात आली तीच मुळी सिंह घेऊन. सोफियाच्या चित्रपट शाळेतला तो आमचा पहिला दिवस. ग्रोझ्देवा मॅडमनी एकेकाला उभं करून विचारलं, "या खोलीत दुसऱ्या कुणीही केलेली नाही अशी एक गोष्ट सांगा, जी तुम्ही केली आहे." माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की लहानपणी मिरच्या भाजायच्या यंत्रात मी हात घातला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "ते या देशात सगळ्यांनी केलंय, पुढचा बोला!" सगळे हसले. मग विहरा उठली. बुटकी, रुंद खांद्यांची, केस कसेतरी वर बांधलेले. म्हणाली, "मी सिंहाला बाटलीने दूध पाजून वाढवलंय." आणि मोबाइल वर धरला. पडद्यावर ती होती, आणि तिच्या पोटावर पाय पसरून झोपलेला सिंहाचा छावा. यावेळी कुणी हसलं नाही.

मी मेतोदी, कॅमेरा शिकायला आलेला. विहरा दिग्दर्शन शिकत होती. चार वर्षं आम्ही एकत्र कामं केली, त्यामुळे तिचं घर, तिची माणसं, सगळं मला ठाऊक झालं. तिचं गाव ओरेश्का, रोदोपी डोंगरात. ती शाळेत असतानाच आई इटलीला गेली, तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला, आणि मग तिकडचीच झाली. विहराला वाढवलं वडिलांनी आणि आजोबांनी. वडील स्तामेन, लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवतात. थंडीत गावच्या टोळीबरोबर रानडुकराच्या शिकारीला जातात. विहराने चौदाव्या वर्षी मांस सोडलं तेव्हा गावाला वाटलं आता या घरात रोज भांडण होणार. पण तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून चुलीवर दोन पातेली दिसू लागली, एक त्यांचं आणि एक नुसत्या घेवड्याच्या रश्श्याचं.

आजोबांचं नाव दिमो. विहराची शाळा संपायच्या आधीच्या थंडीत ते गेले. ती फार हादरली होती. पुढचा उन्हाळा तिने काळ्या समुद्रावरच्या हॉटेलात चादरी धुण्यात घालवला, आणि साठलेल्या पैशांवर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या एका जागी स्वयंसेवक म्हणून गेली. त्या जागेचं नाव मी घेत नाही. दारावर 'अनाथ सिंहांचं घर' असं लिहिलेलं होतं. तिथे प्रत्येक स्वयंसेवकाला एक पिल्लू सांभाळायला देत. विहराला मिळालेलं पिल्लू झोपेत घोरायचं, अगदी आजोबांसारखं. म्हणून तिने त्याला दिमो म्हटलं. खालच्या ओठावर शाई सांडल्यासारखा काळा डाग होता त्याच्या.

परत आल्यावर ती वेगळीच मुलगी होती असं तिचे वडील सांगतात. शाळाशाळांतून जाऊन बोलायची. स्वयंसेवक पाठवणाऱ्या सोफियातल्या कंपनीने तिचाच फोटो जाहिरातीवर घातला: विहरा, दिमो, दुधाची बाटली. ट्रामच्या थांब्यावर तो फोटो दिसला की आम्ही तिला चिडवायचो, "ए सिंहीण, तुझा पोरगा बघ!" ती मान ताठ करून पुढे जायची. तिला त्या कामाचा अभिमान होता, आणि तो लपवावा असं तिला कधी वाटलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक माहितीपट करायचा असतो. विहराचा विषय ठरलेलाच होता: परदेशी जाऊन वन्यप्राणी वाचवणारी आपल्यासारखी साधी मुलं. कॅमेरा मी करणार हेही ठरलेलं. आम्ही वर्गाच्या भिंतीवर कागद चिकटवायला सुरुवात केली. हा प्रसंग आधी, तो नंतर, इथे गावचा डोंगर, इथे तिचे जुने मोबाइलवरचे तुकडे, आणि शेवटी विहरा परत जाते आणि आयाळ फुटलेल्या दिमोला लांबून बघते. मॅडम आल्या, चष्मा कपाळावर सरकवून सगळं वाचलं.

"छान आहे. पण सगळं गोडच आहे गं. तुझ्या चित्रपटात अडतं कुठे?"

"अडायलाच पाहिजे का मॅडम?"

"नको. पण मला एक सांग. तो सिंह आता कुठे आहे?"

"जंगलात. मोठी झाली की सोडतात त्यांना."

"कुठल्या जंगलात?"

विहरा भिंतीवरच्या शेवटच्या कागदाकडे बघू लागली. तिला ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने विचारलंच नव्हतं, आणि आमच्यापैकीही कुणी नाही.

तिने त्या जागेला विचारलं. उत्तर लगेच आलं, फार प्रेमळ. दिमो मजेत आहे, मोठ्या अरण्यात आहे, पण त्याला माणसांची सवय पुन्हा लागू नये म्हणून भेट देता येणार नाही. विहराला ते पटलं. मलाही पटलं. मग ठरलं की निदान तिथे राहून आलेले दुसरे स्वयंसेवक शोधायचे. शोधता शोधता लिथुआनियातली औस्तेया सापडली. कौनास शहरात रुग्णालयात परिचारिका, आमच्याहून बरीच मोठी. बोलायला लगेच तयार झाली. तेव्हाच मला जरा नवल वाटलं होतं, कारण तिने एकदाही "वा, किती छान" असं म्हटलं नव्हतं.

दुपारची वेळ होती. विहरा संगणकासमोर बसली. तिच्या चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते बघायला मी कॅमेरा चालू केला. पडद्यावर औस्तेया आली, ड्युटीवरून नुकतीच घरी आलेली. दोघींचं इंग्रजी बेताचंच, पण त्यामुळे एकेक शब्द सावकाश आणि स्पष्ट येत होता.

"तुझ्याकडे कुठलं पिल्लू होतं?" औस्तेयाने विचारलं.

"दिमो. त्याची आई फासात अडकून मेली होती. माणसं पोचली तेव्हा हा तिच्या अंगाला बिलगून दूध ओढत होता."

औस्तेया पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "हे तू कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. तिथेच सांगितलं मला. पहिल्या दिवशी."

"मलाही पहिल्या दिवशीच सांगितलं. अंगाला बिलगून दूध ओढत होता. हेच शब्द."

"म्हणजे... तिकडे फास फार लावतात ना," विहरा म्हणाली.

"तू कधी होतीस तिथे?"

"तिकडचा उन्हाळा होता. जानेवारीच्या अखेरीस निघाले."

"मी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोचले. माझं पिल्लू आदल्याच दिवशी आणलंय म्हणाले. थांब, दाखवते."

तिने फोन पडद्यासमोर धरला. फोटोत औस्तेया, मांडीवर छावा, आणि छाव्याच्या खालच्या ओठावर काळा डाग.

"हा दिमो आहे," विहरा म्हणाली.

"मी त्याला रुदिस म्हणायचे."

"पण तो आदल्या दिवशी कसा येईल? मी त्याला सोडून निघाले तेव्हा तो माझ्या गुडघ्याएवढा होता!"

"मला काय माहीत सिंहाचं पिल्लू केवढं असतं? लिथुआनियात कुठे पाहिलं होतं मी?"

विहरा हसली. ते हसणं मी कॅमेऱ्यातून पाहत होतो आणि मला ते बघवेना. "त्यांचा काहीतरी घोटाळा झाला असेल. एवढी पिल्लं असतात."

"मीही मनाची तशीच समजूत घातली होती. पण मग तीन वर्षांनी मी न कळवता परत गेले."

तिने जे सांगितलं ते मी इथे थोडक्यात सांगतो, कारण सगळं सांगायला माझी जीभ रेटत नाही. स्वयंसेवक राहत त्या खोल्यांच्या मागे एक उंच भिंत होती. तिकडे बांधकाम चालू आहे, जाऊ नका, असं सगळ्यांना सांगितलेलं. औस्तेया गेली. भिंतीपलीकडे पिंजऱ्यांची रांग होती आणि पिंजऱ्यांत माद्या. पिल्लू झालं की काही दिवसांत काढून घ्यायचं, म्हणजे मादी पुन्हा लवकर माजावर येते. पिल्लू पोरींच्या हातात द्यायचं. पोरी पैसे देऊन दूध पाजायला येतात.

"पहाटे ओरडणं ऐकायचीस ना तू?" औस्तेया म्हणाली.

"हो. ते लांबच्या जंगलातले सिंह. रोज ऐकायचे. इतकं आवडायचं मला, मी तो आवाज रेकॉर्ड करून आणला होता. अजूनही झोपताना लावते कधीकधी."

"त्या आया होत्या, विहरा. त्यातलीच एक दिमोची."

तो आवाज मीही ऐकला होता. चित्रपटाची सुरुवात आम्ही त्याच आवाजाने करणार होतो, भिंतीवरच्या पहिल्या कागदावर तसं लिहिलेलं होतं.

"आणि दिमो?"

औस्तेयाने चष्मा काढला. रुग्णाच्या नातेवाइकांना सांगताना काढत असेल तसा. "बसली आहेस ना तू?"

"बसलेय. बोल."

"मोठे झाले की त्यांना कुंपणाच्या माळावर ठेवतात. परदेशातून हौशी शिकारी येतात, फोटो बघून सिंह निवडतात, पैसे भरतात. गाडीतून नेतात त्यांना माळावर."

"मग तो पळाला असेल."

"पळेल कशाला? गाडी आली की दूध येतं, मांस येतं, माणसं लाड करतात, एवढंच ठाऊक त्याला. तो गाडीकडे चालत आला."

"तुला काय माहीत?"

"त्या माणसाने स्वतःच ते चित्रण सगळ्यांना दिसेल असं लावलं होतं. मी पाहिलं. ओठ दिसतो त्यात."

"दाखव."

"नको बघूस गं."

"औस्तेया, दाखव."

एकच स्थिर चित्र दाखवलं तिने. गुडघे टेकून बसलेला एक माणूस, हसरा, आणि त्याच्यापुढे मातीत टेकवून ठेवलेलं डोकं. मोठी, सुंदर आयाळ. खालचा ओठ लोंबत होता आणि त्यावर शाईचा डाग.

विहरा किंचाळेल, रडेल असं मला वाटलं. तिने विचारलं, "चालत येताना कान कसे होते त्याचे?"

"काय?"

"कान. पुढे होते की मागे?"

औस्तेयाला आठवायला वेळ लागला. "पुढे."

"मग खुशीत होता तो," विहरा म्हणाली आणि उठून बाहेर गेली. बाथरूममध्ये तिला उलट्या होत असल्याचं आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं, मला इथे आणि औस्तेयाला तिकडे कौनासमध्ये. आम्ही एकमेकांची ओळखही करून घेतली नव्हती.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. काय झालं ते मी कसंबसं सांगितलं. मग त्यांची नजर कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडे गेली.

"हे सगळं चालू होतं?"

"हो."

"मग हाच तुमचा चित्रपट."

विहरा दारात उभी होती. तोंडावरून पाणी निथळत होतं. "मॅडम," ती म्हणाली, "मी आत्ता माझ्या मेलेल्या पोराची ओळख पटवून आलेय. चित्रपटाचं उद्या बोलूया का?"

मॅडमचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. तीस वर्षं शिकवणारी बाई, त्यांच्या तोंडून ते शब्द आम्ही कधी ऐकले नव्हते. त्यांनी स्वतःची शाल काढून विहराच्या खांद्यावर टाकली आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

त्या दिवशी घरी जाताना ट्रामच्या थांब्यावर विहराच उभी होती, म्हणजे तिचा फोटो. ती त्याच्यासमोर थांबली. ट्राम आली, गेली, दुसरी आली.

"मेतो, माझं ऐकून किती जण गेले असतील रे?"

"आता नको तो विचार."

"मी शाळांतून बोलायचे. पोरं डोळे मोठे करून ऐकायची." आणि मग एकदम तिने माझा दंड धरला. "नेदा!"

नेदा तिच्या आत्याची मुलगी. गावातच बेकरीत कामाला, वय एकोणीस. विहराच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली. ती पुढच्याच आठवड्यात तिकडे निघणार होती, आणि कंपनीकडे तिची शिफारस विहरानेच केली होती.

विहराने आधी कंपनीला फोन केला. माझा फोटो काढा म्हणाली. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की तुम्ही तेव्हा परवानगी दिली आहे, आणि तक्रार असेल तर आम्ही वरती कळवू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही ओरेश्काला गेलो.

स्तामेनकाकांनी दार उघडलं, लेकीकडे एकदा पाहिलं आणि आधी चूल पेटवली. किसलेल्या बटाट्याचं जाड धिरडं केलं त्यांनी, तिकडे सगळे करतात तसं पुदिना घालून. विहराने घास घेतला नाही. सगळं सांगितलं. काका ऐकत होते, हातात कालथा तसाच.

"आपल्या पायांनी आला तो?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. त्याला वाटलं बाटली आली."

काका कालथा ठेवून बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं, अंगणात लाकडाच्या ढिगापाशी ते नुसतेच उभे होते. आत आले तेव्हा डोळे लाल होते. "मी आयुष्यभर मारलीयत जनावरं," ते म्हणाले. "पण आधी गोंजारून, वाढवून, मग..." त्यांनी विहराची ताटली उचलून चुलीपाशी झाकून ठेवली.

संध्याकाळी नेदा आली. नवीन बूट घालून, दाखवायला. "ताई, बघ! काट्यांतून चालायला घेतले!" मग आमची तोंडं पाहून म्हणाली, "कोण गेलं?"

विहराने पुन्हा सगळं सांगितलं. नेदा ऐकत गेली आणि तिचा चेहरा कठीण होत गेला.

"तुला कुणीतरी परक्या बाईने फोनवर सांगितलं, आणि तू विश्वास ठेवलास?"

"मी चित्र पाहिलं गं. दिमो होता."

"ओठावर डाग असलेला एकच सिंह असतो का जगात?"

"नेदा, नको जाऊस. मी हात जोडते तुला."

"वा! स्वतः जाऊन आलीस, जाहिरातीवर चमकलीस, सोफियाला शिकायला गेलीस. माझी वेळ आली तेव्हा ताईला सुचलं की ते लोक वाईट आहेत. मी काय जन्मभर पाव भाजू?"

"नेदे, ऐक तिचं," काका म्हणाले. "हे शिकारसुद्धा नाही. डुकराला पळायला अख्खा डोंगर असतो. कधी ते माझ्यावरही येतं."

नेदाने भिंतीकडे बोट केलं. तिथे शिंगं होती, सुळे होते, काकांच्या बापाच्या काळापासूनची. "मामा, तुम्ही शिकवणार मला? या भिंतीखाली बसून?"

नेदा दाराशी गेली, वळली. "बरं, काय विचारू त्यांना? सांग. तोंडावर विचारते."

"पिल्लाची आई दाखवा म्हणावं," विहरा म्हणाली. "आणि खोल्यांमागची भिंत ओलांडून बघ."

पुढच्या आठवड्यात नेदा तिकडे गेली. विहरा आठवडाभर कामाला लागली नाही. मग एके दिवशी आली, भिंतीवरचे सगळे कागद काढले आणि म्हणाली, "मेतो, आपण चित्रपट करायचा. दिमोचं ते चित्र त्यात येणार नाही. मी त्या खुर्चीत होते ते येऊ दे." औस्तेयाने आपलं सगळं जुनं चित्रण पाठवलं; त्यात ती रुदिसच्या आईची तीच गोष्ट इंग्रजीत सांगत होती. विहराने स्वतःचं काढलं. त्यातला एक तुकडा तिने तिकडूनच वडिलांना पाठवलेला होता. अठरा वर्षांची, उन्हाने भाजलेली विहरा, कडेवर छावा, आणि ती सांगतेय: बाबा, याची आई फासात मेली, हा तिच्या अंगाला बिलगून दूध ओढत होता.

महिना-सव्वा महिन्याने नेदा परतली. तिचाच फोन आला. आवाजात विजय होता. "ताई, ये कॅमेरा घेऊन. खुशाल विचार मला काय ते. मी सगळं विचारून आलेय."

आत्याच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली, तिला बसवलं. ती उजळली होती. काळी झाली होती, पण आतून उजळली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "चालू झालं? बोलू?" आणि बोलू लागली. तिच्या पिल्लाचं नाव कारा. कारा कशी खोड्या करायची, कशी बुटाची नाडी ओढायची. विहरा कॅमेऱ्याशेजारी बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "कारा तिथे कशी आली?"

"तिची आई फासात अडकून मेली गं. माणसं पोचली तेव्हा ही तिच्या अंगाला बिलगून दूध ओढत होती."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या, आत्या आतून सरबत घेऊन येत होती, आणि ही पोरगी आमच्या भाषेत, हसऱ्या तोंडाने, तेच शब्द बोलत होती. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. विहरा पांढरीफटक पडली. तिने संगणक काढला, नेदाच्या मांडीवर ठेवला, आणि आधी औस्तेयाचं लावलं, मग स्वतःचं.

नेदा बघत होती. संपलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

पुन्हा लावलं. औस्तेया, मग अठरा वर्षांची विहरा. नेदाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

"ताई, मी विचारलं होतं. देवाशपथ विचारलं होतं. आई दाखवा म्हटलं. तिथल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं गं."

"माझ्या वेळीही आलं होतं," विहरा म्हणाली.

"भिंतीपाशीही गेले होते. कुलूप होतं. मागून आवाज येत होता. मला वाटलं..." ती उठली. संगणक खाली पडला असता, मी धरला. "काराला आणायला हवं. ती अजून आहे तिथे! एवढीशी आहे. तिला कोण मारणार एवढ्यात? ताई, आपण जाऊ, विकत घेऊ, काहीही करू."

"नेदा..."

"कारा मादी आहे ना? मग तिला गोळी नाही घालणार. माद्यांना नाही ना घालत?"

आणि मग उत्तर तिचं तिलाच कळलं: माद्या भिंतीमागे जातात. ते कळतानाचा तिचा चेहरा मी पाहिला. मी तोवर कॅमेरा बंद केला होता, आणि बरं केलं असं मला आजही वाटतं. नेदा मांडवाचा खांब धरून खाली बसली, आणि पाठीवर हात फिरवणाऱ्या आपल्या आईला म्हणाली, "हात नको लावूस मला, आई, आत्ता नको."

काराला सोडवता आलं नाही. आम्ही प्रयत्न केले. औस्तेयाने केले, मॅडमनी त्यांच्या ओळखी वापरल्या. तिकडच्या काही भल्या माणसांशी बोलणं झालं, ती बरीच वर्षं या धंद्याविरुद्ध झगडत आहेत. पण तिथली पिल्लं त्या जागेच्या मालकीची, आणि मालकाला हवं ते करता येतं, असंच सगळीकडून उत्तर आलं. नेदा एकदा विमानाचं तिकीट काढून बसली होती. स्तामेनकाकांनी तिला आपल्या ट्रकमध्ये घालून दिवसभर डोंगरात फिरवलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. ट्रकमध्ये काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. भिंतीवरची शिंगं अजून तिथेच आहेत. काका टोळीबरोबर अजून जातात. पण त्या वर्षीच्या मोसमात ते एकदाही गेले नव्हते.

चित्रपट झाला. आधी वर्गात दाखवला. मग ओरेश्काच्या सभागृहात दाखवला, मग विहरा पूर्वी जिथे बोलली होती त्या प्रत्येक शाळेत. त्या शाळांत जायला तिला फार जड जायचं. दारातून परत फिरायची, मी पुन्हा आत न्यायचो. काही पोरांनी जाणं रद्द केलं. तीन वेगळ्या शाळांतल्या तीन मुलींनी उठून सांगितलं की आम्ही जाऊन आलो आहोत. त्यातली एक शेवटपर्यंत भांडली, तुम्ही खोटं बोलता म्हणून. विहराने तिला आपला फोन नंबर दिला. ती मुलगी अजून फोन करते, आणि अजून भांडते.

ट्रामच्या थांब्यावरून विहराचा फोटो मात्र निघाला. आम्ही तो गेलेला पाहिला त्या दिवशी आनंदाने बोझा या आमच्याकडच्या आंबट-गोड पेयाचा एकेक पेला प्यायलो. पुढच्या सोमवारी तिथे दुसरा फोटो होता. दुसरी मुलगी, दुसरा छावा. दोघंही फार गोड दिसत होते. आपल्या देशातली मुलगी वाटली, पण ओळखीची नव्हती.

विहरा आता पूर्व रोदोपीत आहे. तिथे कड्यांवर गिधाडं परत यावीत म्हणून एक छोटी संस्था काम करते. मेलेली गुरं माळावर नेऊन टाकायची आणि लांबून दुर्बिणीतून बघायचं, असलं काम. त्यांच्याकडेही परदेशातून स्वयंसेवक येतात. मागच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो होतो. एक तरुण जोडपं आलं होतं, फार उत्साही. त्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "पिल्लांना हातात कधी घेता येईल?"

"कधीच नाही," विहरा म्हणाली.

"मग आम्ही इतक्या लांबून आलोय ते कशासाठी?"

विहराने तिच्याकडे पाहिलं. रागावेल असं मला वाटलं, पण ती रागावली नाही. तिच्या हातात फावडं दिलं आणि ट्रककडे चालू लागली. हौद्यात एक मेलेली गाय होती, दुपारच्या आत ती वर पोचवायची होती. मुलीने आधी फावड्याकडे, मग गाईकडे पाहिलं. मग नाकाला रुमाल बांधून ट्रकमध्ये चढली.